कोपऱ्यातली मेथी

“पोरी, आवर तुझ्या नळ्या. उद्या मशिनीस्नी हात लावायचा न्हाई, ठाऊक हाय न्हवं?”

दस्तगीरमामा दारात उभे होते. एका हातात झेंडूची टोपली, दुसऱ्या हातात दाभण. आमच्या कृषी महाविद्यालयाच्या जीवाणू प्रयोगशाळेत खंडेनवमी दणक्यात व्हायची. मायक्रोस्कोपपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, माळ आणि दिवसभर मेन स्विच बंद. माळा ओवायचं काम पंचवीस वर्षं मामांकडे होतं आणि ते दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना खपत नसे.

“झालंच मामा. एवढं सहा नळ्यांचं उरकते.”

“आणि जुन्या? नवमीला फ्रिजात जुनी नळी ऱ्हायली तर वर्षभर कल्चर नासतंय, सांगून ठिवतो.”

कल्चर म्हणजे नळ्यांत वाढवलेले जीवाणू, आणि हा आमच्या प्रयोगशाळेचा रिवाज. कुठल्या पुस्तकात नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. अष्टमीला फ्रिज रिकामा करायचा, जुन्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, उकडून, धुऊन पालथ्या घालायच्या आणि दसऱ्यानंतर नव्यानं सुरुवात करायची.

ह्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, हंगामी साहाय्यक. घरी विट्याला आईचे घट बसलेले, साडेपाचची एसटी गाठायची होती, आणि पाच वाजून गेले होते. आमच्या प्रमुख हसबनीसबाई बडोद्याला गेल्या होत्या, त्यांच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून. जाताना प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणाल्या होत्या, “उज्ज्वला, बाकी काही बिघडलं तर चालेल. ब-१ सांभाळ.”

ब-१ सांभाळायचं म्हणजे दर महिन्याला जुन्या नळीतलं कणभर नव्या नळीत न्यायचं. तारेची सुई स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवायची, गार होऊ द्यायची, जुन्या नळीतल्या जीवाणूंच्या सायीला टेकवायची आणि नव्या नळीतल्या अगरच्या थिजलेल्या थरावर रेघ ओढायची. बस्स. बाईंचे दोनच नियम होते. सुई लाल झाली की ती गार व्हायला मोठ्यानं दहा आकडे मोजायचे. आणि जुन्याला निरोप द्यायचा तो नव्याचं तोंड बघून, म्हणजे नव्या नळीत वाढ डोळ्यांनी दिसल्याशिवाय जुनी टाकायची नाही. त्यासाठी अष्टमीच्या नळ्या आठवडाभर आधी करायच्या असत, मी त्या शेवटच्या दिवसावर आणल्या होत्या.

मी मोजत होते चारपर्यंत, कधी पाचपर्यंत. तिसऱ्या नळीला सुई टेकवली तेव्हा चर्र असा बारीक आवाज आला. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. मी तो ऐकला. ऐकू आला नाही असं आजही म्हणता येत नाही. सहाही नळ्यांवर रेघा ओढल्या, कापसाचे बोळे लावले, आणि दाराशी मामा खोळंबलेले बघून जुन्या नळ्या ऑटोक्लेव्हच्या जाळीत ठेवून दिल्या.

साडेपाचची एसटी मला मिळाली. वर खिडकीची जागाही मिळाली.

आता ब-१ म्हणजे काय ते सांगायला हवं. त्यातला ब म्हणजे बनाक्का.

बनाक्का माळी मिरजेपासून सात मैलांवर कवलवाडीला राहायची. नांदायला गेली आणि तीन वर्षांत परत आली, मूलबाळ नाही. तिच्या बापानं मरायच्या आधी हमरस्त्याकडेचं वीस गुंठे रान तिला चोळीबांगडीला म्हणून तोडून दिलं. कागद नव्हता, बापाचा शब्द होता, आणि भावांनी तो पाळला. त्या वीस गुंठ्यांत ती भुईमूग, मेथी, कोथिंबीर काढायची आणि कुणाच्या दारात जायची नाही. मग एके दिवशी वळणावर काळ्या तेलाचा टँकर उलटला आणि सगळं तेल उतारानं तिच्या रानात गेलं. पंचनामा झाला, कागदं झाली, टँकर उचलून नेला. तेल तिथंच राहिलं. पाऊस पडला की पाणी वरच्या वर वाहून जायचं, आणि बी टाकलं की कुजायचं. चार वर्षं तिथं कुसळ उगवलं नाही.

पाचव्या वर्षी ती बांधाकडची हरळीची एक जुडी घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, “बाई, सगळं मेलं आन् ही कशी जगली, तेवढं सांगा.”

दुसऱ्या कुणी हसून वाटेला लावली असती. हसबनीसबाईंनी त्या हरळीची मुळं, त्यांना चिकटलेल्या मातीसकट, चंबूत टाकली. खायला तेलाशिवाय काही दिलं नाही. जे उपाशी मरायचं ते मेलं आणि एक जीवाणू उरला, तेल खाऊन टिकणारा. बाईंनी तो वाढवला, कोळशासारख्या काळ्या लिग्नाइटच्या भुकटीत मुरवला, पाकिटं भरली. शेणखत आणि गुळाच्या पाण्यात कालवून बनाक्काच्या रानाच्या एका कोपऱ्यात, दोन गुंठ्यांत, टाकला. ओल ठेवली, माती वरखाली केली. चार महिन्यांनी तिथं भुईमूग लावला. मे महिन्यात बनाक्का टोपलीभर उकडलेल्या शेंगा घेऊन आली आणि आम्ही सगळ्यांनी ऑटोक्लेव्हच्या खोलीत बसून त्या खाल्ल्या. दस्तगीरमामांना तर एवढं भरून आलं की त्यांनी टरफलंसुद्धा खिशात घातली.

त्याच वेळी तिनं सांगितलं होतं. तिचा भाचा दिनकर दोन ट्रक बाळगून होता आणि त्याला गाड्या लावायला रस्त्याकडेची जागा हवी होती. “आत्ते, पडीकच हाय की,” असं त्याचं म्हणणं, आणि तेही काही खोटं नव्हतं. भावकी बसली. भाऊ म्हणाला, कोपरा पिकला तसं समदं रान पिकवून दाखव, मग मरस्तवर तुझं. येत्या उन्हाळी शेंगेपातूर थांबतो. बनाक्कानं शब्द दिला.

“बाई, येत्या साली आठरा गुंठ्यांचं हुईल न्हवं?”

“होईल की. दसरा झाला की पाकिटं घेऊन जा,” बाई म्हणाल्या होत्या.

दसरा करून मी परत आले. इनक्युबेटरचं उबदार कपाट उघडलं. बाकीच्या सगळ्या नळ्यांवर साय धरली होती. ब-१च्या सहा नळ्या मात्र काचेसारख्या स्वच्छ. मी एकेक नळी उजेडात धरून बघितली. सुईची रेघ दिसत होती, तिच्यावर काही नव्हतं. आणखी दोन दिवस वाट बघितली, मग चार. मग फ्रिजमध्ये, कपाटात, धुवायच्या टबात, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा शोधलं. उकडलेल्या नळ्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, चकचकीत. मामांनी त्या फार मन लावून धुतल्या होत्या.

सोमवारी कॉलेजच्या कार्यालयात बडोद्याहून फोन आला. कारकून समोर बसलेला.

“ताईंचं बरं आहे, पण मला अजून महिना लागेल,” बाई म्हणाल्या. “ब-१ कसा आहे?”

तोंड उघडायला एक क्षण होता. त्या क्षणात मला नोव्हेंबरातली कायमच्या नेमणुकीची मुलाखत दिसली, बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं शिफारसपत्र दिसलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बाईंचा चेहरा दिसला. त्या रागावल्या नसत्या. तेच मला नको होतं.

“छान आहे, बाई.”

“बनाक्का येईल. चाळीस पाकिटं दे तिला.”

“हो, बाई.”

एकदा हो म्हटलं की पुढचं आपोआप होतं. मी लिग्नाइटची भुकटी चाळली, उकळून गार केलेलं जीवाणूंच्या खुराकाचं नुसतं पाणी तिच्यात शिंपडलं, चाळीस पाकिटं भरली, तोंडं बंद केली. प्रत्येकावर जीवाणूचं नाव, भरल्याची तारीख, तपासणाऱ्याची सही. सही माझी. मी स्वतःला समजावत होते की शेणखतात काय कमी जीवाणू असतात, त्यातले कुणीतरी तेल खातीलच. चोवीस वर्षांच्या शिकलेल्या मुलीला स्वतःला फसवायला फार वेळ लागत नाही.

कोजागिरी होऊन आठवडा झाला आणि बनाक्का आली. हिरवं धुवट लुगडं, हातात दोन कापडी पिशव्या, कपाळ कोरं. तिनं पाकिटं हातात घेतली ती चार दिवसांचं पोर घ्यावं तशी, खालून आधार देऊन.

“जीव हायत न्हवं ह्यात, उजू?”

“आहेत.”

“किती असतील गं?”

“एका चिमटीत कोट्यवधी.”

“आगं बया! आन् बघ, एक बी वरडत न्हाई.” ती हसली. “गेल्या साली म्या रातभर वल्ल्या पोत्याखाली ठिवलीवती, रांजणाच्या पाठीशी. आवंदाबी तसंच करतो. ऊन लागू द्यायचं न्हाई, दुकानचं खत त्यात टाकायचं न्हाई, गुळाचं पाणी गार झाल्याबिगार वतायचं न्हाई. चुकलं का कुटं?”

“नाही. सगळं बरोबर आहे.”

मग तिनं दुसऱ्या पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक जुडी काढली. मेथी होती. लुसलुशीत, बारीक पानांची, मुळांसकट उपटलेली. मुळांना काळी माती चिकटलेली.

“शेंगा काढल्या आन् कोपरा मोकळा ऱ्हायला, म्हणून मेथी टाकलीवती. ही पयली जुडी. बाईंस्नी आणलीवती, त्या न्हाईत तर तू खा. माती तशीच ऱ्हाऊ दे घरला जाईस्तवर. मुळाला माती असली की पाला मरगळत न्हाई.”

“कशाला एवढं, बनाक्का?”

“कशाला म्हंजी? तुमी मला रान दिलंसा. म्या मेथी दिली.”

मी तिला पिशव्या एसटी स्टँडपर्यंत नेऊन दिल्या. एवढं तरी करावं असं वाटलं. गाडीला गर्दी होती. ती चढली, पिशव्या पोटाशी धरून, आणि आतून कुणाला तरी सांगत होती, “वाईच सरका बाबा, ह्यात जीव हायती.” लोक हसले.

परत येऊन मी जुडी उघडली. माती ओघळून टेबलावर पडत होती. मला ती बघवेना. नळाखाली धरून मुळं स्वच्छ धुतली, काळं पाणी बेसिनमधून गेलं, आणि संध्याकाळी खोलीवर त्या मेथीची भाजी केली. कडू लागली नाही. खरं सांगायचं तर फार चांगली झाली होती.

नोव्हेंबरात मुलाखत झाली, डिसेंबरात मी कायम झाले. बाई परत आल्यावर त्यांनी पेढे वाटले. ब-१च्या नळ्या त्यांनी मागितल्या नाहीत, कारण ते काम त्यांनी विश्वासानं माझ्याकडे दिलं होतं. फ्रिजमध्ये ब-१ लिहिलेल्या सहा नळ्या होत्याच. त्यांत मी दुसराच कसलातरी, वाटाण्याच्या मुळातला जीवाणू वाढवून ठेवला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. बाई फ्रिजकडे वळल्या की मी पुढं होऊन दाराशी उभी राहायचे.

एप्रिलमध्ये बनाक्काचा निरोप आला, “बाईंस्नी म्हणावं, एकदा येऊन बघा.”

आम्ही गेलो. बांधावर उभं राहिल्यावर काही विचारायला नको होतं. कोपऱ्यात दोन गुंठे हिरवेगार, गुडघ्याखाली दाटलेला भुईमूग, पिवळी फुलं. आणि तिथून पुढं, सुतळी धरून रेघ मारावी तसं, अठरा गुंठे पिवळं. रोपं होती, पण वीतभरसुद्धा नाही, पानांच्या कडा करपलेल्या. बाई खाली बसल्या. एक रोप उपटलं. मुळं तांबडी-काळी, खुरटलेली. मातीला अजून तेलाचा वास होता.

“सगळं आपण सांगितलं तसंच केलंत, बनाक्का?”

“केलं बाई.” ती उभीच होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. “पर माझ्या हातनं एक चूक झाली.”

बाईंनी वर बघितलं. मीही.

“त्या दिशी यष्टीत दाटी लई. कंडाक्टर म्हणला, म्हातारे, पिशव्या फुडं ठिव डायवरच्या बाजूला. म्या ठिवल्या. इंजनाच्या बोनेटवर. कवलवाडी येईस्तवर तिथंच हुत्या. उतरताना उचलल्या तर बुडाला ऊन लागत हुत्या.” तिनं पदराचं टोक सोडलं. “तवाच मेलं असतील सारं. म्या घरला आणून वल्ल्या पोत्याखाली ठिवलं, त्येनं काय हुतं? मेल्याला गार केलं म्हून काय उठतंय?”

बाईंनी उपटलेलं रोप खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “उज्ज्वला, पाकिटं देताना तपासली होतीस ना?”

एप्रिलचं ऊन होतं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मला आठवतंय, समोर बांधावर तीच हरळी होती, जिच्यापासून सगळं सुरू झालं होतं.

“हो, बाई.”

“तिचं काय न्हाई वो बाई!” बनाक्का मध्येच बोलली. “तिला काय ईचारता? गुणाची पोर, माझ्या पिशव्या सोता उचलून यष्टीला आणल्या तिनं. चूक माझी.”

“उष्णतेनं मरतात ते,” बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “कुणाच्याही हातून होतं असं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा करू. आपल्याकडे मूळ कल्चर आहे.”

“फुडला दसरा कुठला बाई? म्या शब्द दिलाय.”

तिनं तो पाळला. कोपऱ्यातल्या शेंगा तेवढ्या काढल्या आणि रान सोडून दिलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात दिनकरनं मुरमाच्या वीस गाड्या ओतल्या, रोलर फिरवला, वर काँक्रीट केलं. त्याचा दोष नव्हता. त्यानं वर्षभर थांबायचं कबूल केलं होतं आणि तो थांबला होता.

जूनमध्ये बाईंनी ब-१ मागितला. दुसऱ्या एका गावी तसंच तेल सांडलं होतं, आणि त्यांना नळ्या हव्या होत्या. नळी हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली, बोळा काढून वास घेतला आणि टेबलावर ठेवली.

“हा ब-१ नाही.”

मी सगळं सांगितलं. अष्टमीचं, साडेपाचच्या एसटीचं, चर्र आवाजाचं, फोनचं, चाळीस पाकिटांचं. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटत होतं की त्या म्हणतील, तू दहा मोजले नाहीस. किंवा म्हणतील, जुन्या नळ्या का टाकल्यास. त्यातलं काहीच त्या म्हणाल्या नाहीत.

“आवाज ऐकलास त्या दिवशी नाही, निदान नळ्या कोऱ्या दिसल्या त्या दिवशी मला सांगायचंस.” बाई दमल्यासारख्या खुर्चीत बसल्या. “काय लागत होतं, उज्ज्वला? कोपऱ्यातली मूठभर माती. ब-१ तिथं होताच की. त्या कोपऱ्यात दर चिमटीत होता. पंधरा दिवसांत पुन्हा काढला असता. अगदी काही नाही तर नुसती ती माती शेणखतात कालवून बाकीच्या रानात टाकली असती, तरी थोडं साधलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. हे मला येत होतं, परीक्षेत ह्यावर पूर्ण गुण मिळवले होते मी. पण त्या आठ दिवसांत मी फ्रिजमध्ये शोधत होते, कचऱ्यात शोधत होते, कारण मला जीवाणू वाचवायचा नव्हताच, मला स्वतःला वाचवायचं होतं. लपवणाऱ्याला स्वतःच्या दाराची कडी तेवढी दिसते.

“आता तिथं सहा इंच काँक्रीट आहे,” बाई म्हणाल्या.

आणि तेव्हा मला ती मेथी आठवली. ओल्या फडक्यातली. माती तशीच ऱ्हाऊ दे, ती म्हणाली होती. ती माझ्या हातात दिली होती तिनं, कोपऱ्यातली माती, मी न मागता, त्याच दिवशी, त्याच टेबलावर. मी ती नळाखाली धुतली.

हे मी बाईंना सांगितलं नाही. आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

“बनाक्काला सांगितलंस?”

“नाही.”

“मग माझ्यापुढे काय रडतेस? तिला सांग.”

पहिल्यांदा निघाले ती कवलवाडीच्या स्टँडवर उतरून तिथूनच परत आले. दुसऱ्यांदा, भर दुपारी, दिनकरच्या घरामागच्या पडवीत जाऊन पोचले. समोर तिचं रान होतं, म्हणजे करडं काँक्रीट, आणि त्यावर दोन ट्रक. बनाक्का शेंगा फोडत बसली होती. बियाण्याच्या. कुठल्या रानात लावायच्या ते मी विचारलं नाही.

“उजू! आगं, बस की. पानी घे.”

मी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते. “बनाक्का, तुमची चूक नव्हती. पाकिटात जीव नव्हते. आधीच मेले होते, माझ्या हातून, दसऱ्याच्या आधी. मला ठाऊक होतं आणि तरी मी तुम्हाला नुसती भुकटी दिली. एसटीत काही झालं नाही.”

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, उठली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

“बाईंनी धाडलं व्हय, असं बोल म्हणून?”

“नाही. खरं सांगते मी.”

“गप. तुझी आई पुण्यवान. परक्याचं पाप अंगावर घ्याया एवढ्या उन्हाचं आलीस.”

“बनाक्का, शपथ घेऊन सांगते...”

“शपथ नगं घालू, पोरी. खोटी शपथ लागती.” तिनं माझा हात धरून खाली बसवलं. “म्या त्या दिशी बोनेटला हात लावून बघितलावता. तव्यावानी तापलं हुतं. तवाच पिशव्या उचलायच्या हुत्या. दोन पावलं हुती फकस्त. पर वाटलं, आता कोण उठतंय, जागा जाईल. आळस केला. बापानं दिल्याली माती आळसानं घालवली म्या. हे मला दिसतंय रोज.”

मी आणखी दोनदा सांगितलं. प्रत्येक वेळी तिला माझी जास्तच कीव आली. शेवटी ती आत जाऊन गूळ आणि पाणी घेऊन आली, माझ्या हातात दिलं, आणि मी ते खाल्लं.

निघताना पडवीच्या कडेला एक पत्र्याचा तेलाचा डबा दिसला, वरून कापलेला. त्यात मेथी उगवली होती, चार बोटं उंच.

“ही कुठली माती?” मी विचारलं.

“कोपऱ्यातली. मुरूम पडायच्या आदल्या दिशी पाटीभर आणून ठिवली. डब्यात पिकून कितीसं पिकतंय, पर म्हणलं बाची माती हाय, गाडीखाली कशाला?”

त्या मातीतून पंधराव्या दिवशी ब-१ उगवला, बाई म्हणाल्या होत्या अगदी तसा. पुढं तो कितीतरी रानांत गेला, अजून जातो. नळीवरच्या चिठ्ठीतला ब कशाचा ते विद्यार्थी विचारतात, आणि मी त्यांना दहा मोजायला लावते. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी डब्यापुढं मान खाली घालून उभी होते.

“बनाक्का, ह्यातली मूठभर माती द्याल?”

“आगं, घे की! मातीला एवढं खाली मान घालून मागत्यात व्हय?” तिनं मेथीची चार रोपं मुळांसकट उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. “आधीच का न्हाई मागितलीस? तवा तर अख्खा कोपरा हुता.”